कडी आतून लावलेली

प्रीती रोकडेचं कुणाशी फारसं पटत नसे, आणि तिला त्याचं काही वाटतही नसे. उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या फ्लेक्सच्या दुकानात ती दहा वर्षं डिझाइन करत होती. वाढदिवस, उद्घाटनं, श्रद्धांजल्या. एका बॅनरवर बावीस चेहरे टाकायला सांगणाऱ्या कार्यकर्त्यांना ती तोंडावर सांगायची, की बाइकवरून जाणारा माणूस दोन सेकंद बघतो, त्यात एक चेहरा दिसतो आणि एक नाव. उरलेले एकवीस घरी टांगा. शेठ दर महिन्याला तिला काढून टाकायची धमकी द्यायचा. काढायचा मात्र नाही, कारण तिने केलेले बॅनर लोक खरंच वाचायचे.

दिपेश भोपी त्या दुकानात आला तो पोस्टर छापायला. बदलापूरजवळच्या चामटोलीचा, वय तीस. नोकरी सोडून चार वर्षं त्याने एकट्याने कॉम्प्युटरवर खेळायचा एक भुताचा गेम बनवला होता. नाव ‘कडी’. खेळणारा एका घरात अडकलेला असतो, बाहेरून एक म्हातारी भुताळी दार खरवडत असते, आणि आतली कडी निघू द्यायची नसते. गेम अजून यायचा होता, पण विकायच्या साइटवर त्याचं पान लागून महिना झाला होता. कव्हरही त्यानेच केलं होतं आणि तेच मोठं करून हवं होतं.

प्रीतीने फाइल उघडली. विहीर, वडाचं झाड, पूर्ण चंद्र, रक्त, म्हातारीचा चेहरा आणि वर रक्त ओघळणाऱ्या अक्षरांत नाव. तिने विचारलं, हे साइटवर केवढं दिसतं? त्याने बोटांनी दाखवलं, काडेपेटीएवढं. तिने चित्र तेवढं केलं, साइटवरच्या दुसऱ्या वीस भुताच्या गेमच्या कव्हरांमध्ये नेऊन ठेवलं आणि शेठला हाक मारली. यातलं या माणसाचं कुठलं? शेठने चष्मा लावला आणि भलत्याच चित्रावर बोट ठेवलं. पुन्हा बघितलं, पुन्हा भलतंच.

दिपेशच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. फ्लेक्स छापणाऱ्यांनी आपल्याला शिकवू नये, असं तो म्हणाला. प्रीती म्हणाली, मग ज्याच्याकडून शिकलास त्याच्याकडेच जा. तो निघून गेला. चार दिवसांनी परत आला आणि नमस्कारही न करता पेन ड्राइव्ह काउंटरवर टाकला. महिनाभरात त्याच्या पानावर कुणी थांबलेलं नव्हतं.

काम सुरू झालं तेही भांडतच. तो रोज फोन करायचा: रक्त वाढव, विहीर राहू दे, चेहरा मोठा कर. ती उत्तर द्यायची नाही.

तो चेहरा मात्र तिला सुखाने काम करू देईना. भुताळीचे डोळे पांढरे केले होते, तोंड कानापर्यंत फाडलं होतं. पण त्याच्याखाली खरा फोटो होता. उन्हात डोळे बारीक करून बघणारी एक म्हातारी, मागे निळ्या चुन्याची भिंत. प्रीतीने फोनवर विचारलं, ही कोण? गावातली होती, मेली कधीच, असं सांगून दिपेशने विषय बदलला. तिने फाइलची माहिती उघडली. फोटो याच वर्षी होळीला काढलेला होता.

रविवारी ती बदलापूरहून शेअर रिक्षाने चामटोलीला गेली. नव्या बंगल्यांच्या मागे, गावापासून थोडं सुटून, निळ्या भिंतीचं एकच घर होतं. म्हातारी ओट्यावर वाल सोलत बसली होती. तिचं नाव वेणूबाई.

प्रीतीने मोबाइलवर कव्हर दाखवलं. वेणूबाईने मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

“जनू भोपीच्या पोराने केलंय ना? होळीला फोटो त्यानेच काढलेला,” ती म्हणाली. “मना भूत केलंय. बरं केलं. त्याच्या बापाने तर कवाच केलेलं.”

मग तिने सांगितलं ते असं. एकोणीस वर्षांपूर्वी गावात तापाची साथ आली आणि एक मूल गेलं. वेणूबाई विधवा, एकटी राहणारी, कुणाचं ऐकून न घेणारी. तिनेच करणी केली, ती भुताळी आहे, असं कुणीतरी म्हणालं, आणि भर दुपारी चाळीसएक माणसं तिच्या दारात आली. दगड मारले, कौलं फोडली, दार लाथांनी हाणलं. सगळ्यांत पुढे जनू भोपी होता. अकरा वर्षांचा दिपेश बापाचा सदरा धरून उभा होता.

“कडी मी लावलेली, आतनं,” वेणूबाई म्हणाली. “दोन्ही हातांनी धरून उभी होती, दिवस मावळेपर्यंत. ती भायेर होती सगळी.”

प्रीतीने मान वळवून दाराच्या कडीकडे पाहिलं. म्हातारी तिच्यावर उखडलीच: ऐकलंस ना, आता काय, रडायला आलीस काय? प्रीती रडली नाही. तिने दाराच्या कडीचा फोटो काढायची परवानगी मागितली. वेणूबाई म्हणाली, काढ आणि जा.

सोमवारी तिने आधीचं सगळं पुसून टाकलं. नव्या चित्रात दाराची आतली बाजू होती. निळी भिंत, लोखंडी कडी, कडीवर घट्ट आवळलेले दोन म्हातारे हात. दाराखालच्या फटीतून पिवळा उजेड, आणि त्या उजेडात खूप पायांच्या सावल्या. वर ठळक, साधं नाव. काळ्या-लाल कव्हरांच्या गर्दीत ते निळं-पिवळं चित्र काडेपेटीएवढं असूनही लांबून दिसत होतं. शेठने पहिल्याच नजरेत त्यावर बोट ठेवलं.

दिपेशने बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. मग त्याला राग आला.

“एवढं निळं कशाला? तुमच्या जयंतीच्या मिरवणुकीचा बॅनर आहे का हा?”

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनी वळून पाहिलं. प्रीतीने कीबोर्ड बाजूला सारला.

“भिंत तुझ्या गावातली आहे. वेणूबाईची. मेलेली नाही ती, मी बोलून आले.”

“मी भूत काढायला सांगितलं होतं.”

“काढलंय की. दाराबाहेर उभं आहे. त्यातले लहान पाय तुझे.”

प्रीतीने पुढचंही तिथेच सांगितलं: म्हाताऱ्या बाईला भुताळी म्हणून तिचा फोटो जगभर दाखवणं हा गुन्हा आहे, चेहरा गेममधून आठ दिवसांत निघाला नाही तर वेणूबाईला हाताला धरून पोलीस ठाण्यात नेईन. दिपेशने तिला घाणेरडी शिवी दिली. शेठने, दहा वर्षांत पहिल्यांदाच, गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर जायला सांगितलं.

आठ दिवसांनी चेहरा निघाला आणि कव्हर लागलं. ते दिपेशला पटलं म्हणून नव्हे, घाबरला म्हणून. आणि नव्या कव्हरमुळे लोक त्याच्या पानावर थांबू लागले, म्हणून ते तसंच राहिलं. पण गेम आला तसे खेळणारे चिडले. कव्हरवर बाई आत आहे, गेममध्ये ती बाहेर कशी, असं शेकडो जणांनी लिहिलं. कव्हर म्हणजे दिलेला शब्द असतो, आणि तो शब्द दिपेशने दिलेलाच नव्हता. तीन महिने खपून त्याला नवा भाग करावा लागला. त्यात खेळणाऱ्याचे हात म्हातारीचे होते, आणि बाहेरची माणसं ओरडायची ती चामटोलीच्या बोलीत. तो भाग गावातल्या पोरांनी खेळला. जनू भोपीनेही पाहिला, आणि त्या दिवसापासून मुलाशी बोलणं टाकलं.

गेमच्या शेवटी श्रेय म्हणून एकट्या दिपेशचं नाव होतं, कव्हरसाठीही प्रीतीचं नव्हतं. तिने फोन केला, त्याने कापला. पुन्हा केला, तेव्हा नंबर ब्लॉक झाला होता. ती चरफडली, दोन दिवस दुकानात कुणाशी धड बोलली नाही, आणि कामाला लागली.

दिवाळीआधी ती चामटोलीला गेली, कव्हरचं छापील चित्र घेऊन. वेणूबाईने ते उलटं ठेवलं.

“गावातून कुणी आलं का भेटायला?” प्रीतीने विचारलं.

“कोण येतंय? पयले माझ्या घराकडं बघत नव्हते, आता थांबून बघतात. पोरं फोटो काढतात.” तिने सूप उचललं. “तू पण येऊ नको आता. तू आलीस का लोक बघतात.”

वेणूबाई आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. मग प्रीती रस्त्यावर येऊन रिक्षासाठी उभी राहिली.