भिंतीबाहेरची अंगठी

वादळ ओसरलं की ग्लेनिस ब्लेंकिन धातू शोधायचा डिटेक्टर घेऊन किनाऱ्यावर उतरे. उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलण्यात गेलेला. नवरा डेनिस वारल्यावर लेकीने हे यंत्र आणून दिलं, "भिंतींशी बोलत बसू नकोस" म्हणून. तेव्हापासून ऑल्डथॉर्प गावाला ती पिवळ्या रेनकोटातली वाकलेली आकृती सवयीची झाली होती. नाणी, गळाची शिशाची वजनं, पोहायला आलेल्यांच्या अंगठ्या. जे मिळे त्याचा मालक शोधून ती पोचतं करी. मालक शोधण्यातच तिला खरी गोडी.

त्या सकाळी यंत्र वाजलं ते कड्याच्या अगदी पायथ्याशी, नुकत्याच ढासळलेल्या मातीच्या ढिगावर. इथला कडा मातीचाच. समुद्र त्याला दर हिवाळ्यात कुरतडतो. वरचा जुना रस्ता आता हवेतच संपतो. ग्लेनिसने चिखल चाचपला. हाताला लागली सोन्याची बारीक अंगठी. वर काळी मिनाकारी आणि मधोमध डाळीएवढी कवटी.

ती तडक आर्थर मेडफर्थकडे गेली. आर्थरने जन्मभर घड्याळं आणि दागिने दुरुस्त केलेले. आता तोही तिच्यासारखाच डिटेक्टर घेऊन हिंडायचा.

"पुन्हा बाटलीचं बूच आणलं असशील तर चहा मिळायचा नाही," तो म्हणाला. मग अंगठी दिसताच त्याने किटली तशीच खाली ठेवली आणि डोळ्याला भिंग लावलं.

"शोकाची अंगठी आहे ही. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाने घडवून घ्यायचे अन् बोटात घालून हिंडायचे. आत नाव आहे बघ. सुझाना हार्केस, सतराशे चौऱ्याण्णव."

"म्हणजे तिच्या मुलाबिलाच्या बोटातून पोहताना पडली."

"त्या काळी या गारठ्यात पोहायला कोण खुळं उतरत होतं?"

"मग बोटीवरून पडली असेल."

"अगं, इतकी वर्षं समुद्रात लोळली असती तर वाळूने ही मिनाकारी कधीच खरवडून नेली असती. ही तर काल केल्यासारखी आहे."

"गाळात रुतून बसली असेल. तूच सांगतोस ना, तसंही होतं म्हणून?"

आर्थरने भिंग खाली घेतलं. "आज तुला झालंय काय? एरवी मी म्हणतो बूच अन् तू म्हणतेस राणीचा खजिना. आज सगळं उलटंच."

आर्थरने अंगठीच्या आत घट्ट बसलेली माती सुईने सोडवली. मातीबरोबर दोऱ्यासारखं काहीतरी बाहेर आलं, अंगठीतून आरपार गेलेलं. त्याने ते बोटांत चुरडलं, हुंगलं.

"गवताचं मूळ," तो म्हणाला. "ही समुद्रातून नाही आली, ग्लेनिस. वरून आलीय."

"वर तर चर्च आहे. त्याची भिंत कड्यापासून अजून चांगली लांब आहे."

"भिंत लांब आहे गं. पण भिंतीबाहेरचा पट्टा? समुद्राने फेकलेली प्रेतं तेव्हा आतल्या कबरस्तानात घेत नसत. कुठला कोण, कुठल्या धर्माचा, म्हणून बाहेरच पुरायचे. असेल कुणी खलाशी, आईच्या नावाची अंगठी घातलेला..."

एवढं बोलून आर्थर एकदम थांबला. त्या पट्ट्यात आणखी कुणाला ठेवत, ते गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

जन्मतःच गेलेली बाळं. बाप्तिस्मा झालेला नाही, म्हणून भिंतीच्या आत जागा नाही. रीत फार जुनी, पण ग्लेनिसचं पहिलं बाळ आलं तेव्हाही गावचा म्हातारा कबरखोद्या तीच धरून बसला होता. बर्फाने रस्ते बंद होते. तिला अंथरुणातून उठू दिलं नाही. डेनिस आणि तो म्हातारा शालीतलं गाठोडं घेऊन गेले. परत आल्यावर डेनिस एवढंच म्हणाला, "भिंतीबाहेर, समुद्राच्या बाजूला." नंतर मरेपर्यंत त्याने तो विषय काढला नाही, आणि तिनेही नाही. दर रविवारी प्रार्थना संपली की ती भिंतीवरून पलीकडे पाही. दगड नाही, खूण नाही, सगळीकडे सारखंच गवत.

"पट्टा गेला का रे?" तिने विचारलं.

"निदान कडेचा भाग सुटला असणार," आर्थर हळूच म्हणाला.

चहा न घेताच ती चर्चच्या पाद्री फिलिपाबाईंकडे गेली. फिलिपा क्रॅग्ज गावात नव्या, पण पायात बूट चढवून लगेच निघाल्या. भिंत जिथे पडली होती तिथून दोघी पलीकडे गेल्या. गवतात भिंतीला समांतर एक भेग पडली होती. हात जाईल एवढी. खाली लाटा आपटत होत्या आणि त्यांचा आवाज त्या भेगेतून वर येत होता.

"ग्लेनिसबाई, मागे या." फिलिपाबाईंनी तिथूनच दोन-तीन फोन केले. "कबरी हलवणारी माणसं येतायत, पण परवा. आणि नेमकी जागा सांगा म्हणतात. सगळा पट्टा नाही खणता येणार, जमीन धरणार नाही."

"नेमकी जागा कोण सांगणार? ठेवणारे दोघंही गेले." ग्लेनिसने भेगेकडे पाहिलं. "शालीला मी आईचा पितळी ब्रोच लावला होता. फार थंडी होती हो. शाल सुटली तर उघडी पडेल पोर, म्हणून."

मग तिने खांद्यावरचा डिटेक्टर खाली घेतला. "कबरींच्या जागी हे चालवायचं नसतं. ठाऊक आहे मला."

"मला बोलणी बसतील," फिलिपाबाई म्हणाल्या. "चालवा."

भेगेच्या अलीकडे ती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. यंत्र मुकं. मग तिने हात लांबवून त्याची चकती भेगेपलीकडे, समुद्राच्या बाजूला नेली. थोडं पुढे गेल्यावर ते वाजलं.

"रात्री मोठी भरती आहे," ग्लेनिस म्हणाली. "परवापर्यंत हे राहायचं नाही."

फिलिपाबाईंनी खोटा धीर दिला नाही. "नाही राहणार."

"मग माझे पाय धरा. अन् घट्ट धरा बरं, बटाट्यांवर पोसलेली बाई आहे मी."

ती पालथी पडून भेगेवरून पुढे सरकली. खिशातल्या खुरप्याने गवत कापलं, मग हाताने उकरू लागली. गोठलेल्या जमिनीत त्यांनी फार खोल खणलं नव्हतं. कोपरभर खाली बोटांना ब्रोच लागला, हिरवा पडलेला. शाल मातीत विरून गेली होती. वेगळं असं काहीच नव्हतं, फक्त तिथली माती शेजारच्या मातीहून काळी होती. ती काळी माती ग्लेनिसने मूठमूठ करून आपल्या रुमालात भरली. खाली तांबूस माती लागली तेव्हाच थांबली.

फिलिपाबाईंनी तिला मागे ओढून घेतलं. दोघींना धाप लागली होती.

"आत चला. भिंतीच्या आत जागा देते मी."

ग्लेनिसने गाठोडं त्यांच्या हातात दिलं, पण ती हलली नाही. "इथे आणखी आहेत ना?"

"असतील. नोंद कुणी ठेवली?"

तिने पुन्हा डिटेक्टर उचलला आणि भेगेच्या कडेकडेने सबंध पट्टा चाळला. सावकाश, एक वीतही न सोडता. यंत्र एकदाही वाजलं नाही.

"बाकीच्या आयांनी बाळाच्या शालीला काही टोचलंच नव्हतं," ती म्हणाली.

भेगेच्या पोटातून मातीचं एक ढेकूळ सुटलं आणि बऱ्याच वेळाने खाली पाण्यात पडल्याचं ऐकू आलं.