दोष टीव्हीचाच!

सातपाटीच्या बाजारात जमनाचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. लिलावात पाटी घेताना वरची चार पापलेटं ती बघायचीच नाही, हात थेट तळाशी. तिथलं एक ओढायचं, कल्ला उचलायचा, नाकाशी धरायचं, मगच बोली. "वरचं मावरं नवरीसारखं सजवतात. खरा माल तळाला," ती म्हणायची. तिला फसवणारा अजून जन्माला यायचा होता. निदान तिचं तरी तसं मत होतं.

अशी ही बाई वर्षभर नवऱ्यापायी गावाशी भांडत होती. दामू तीस वर्षं बोटीवर खलाशी, इंजिनाच्या धडधडीला उशाशी घेऊन झोपलेला. गाव म्हणायचं, दामूला ऐकू येत नाही. "काय पन बोलता!" जमना उसळायची. "टीव्ही बघा, पापडासारखा पातळ. आवाज सगळा भिंतीत जातो. दोष टीव्हीचाच!" पण आतून तिची धाकधूक चाले. बहिऱ्याला बोटीवर कोण घेणार? सुकाणूवरून तांडेलाने ओरडावं आणि यानं दोर सोडू नये, की गेला माणूस पाण्यात. पावसाळ्याची बंदी संपून आठ दिवसांवर बोटी निघायच्या होत्या. त्याआधी चांगलं होम थिएटर आणायचं, दामूला ऐकू येतं हे दाखवायचं आणि सगळ्यांची तोंडं बंद करायची, असं ठरवून ती त्याला घेऊन बोईसरला आली.

रामकिसनच्या टीव्ही-स्पीकरच्या दुकानात स्वस्त मालाची रांग लागलेली. त्याने गाणं लावलं, काचा थरथरल्या.

"हजार वॅट, काकी!"

"ठणाणा कोन पन करील. बातम्या लाव. बाई बोलते ती नीट ऐकू आली पायजे."

मग तिने एक स्पीकरचा खोका उचलून पाहिला. हलका. "आत काय, थर्माकोल?" दुसरा बरा जड लागला तशी ती आणखीच सावध झाली. बर्फ भरला की टोपलीही जड होते, हे तिला कोण शिकवणार! तिने हट्टाने मागचे स्क्रू काढायला लावले. आत सिमेंटचा गोळा चिकटवलेला.

"कंपनीने डाला है, काकी, मैं क्या करूँ?"

"मेल्या, आमी काय घर बांधायला आलोय?"

रामकिसन मुकाट्याने कोपऱ्यातला साधा साउंडबार घेऊन आला. टीव्हीला जोडला, बातम्या लावल्या. बाईचा शब्द न् शब्द स्वच्छ. दामू स्टुलावर बसून मान डोलवत होता. जमनाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याबरोबर संशय आला. एवढ्या स्वस्तात एवढा आवाज? मेल्याने मागे दुसराच मोठा स्पीकर लपवला असेल! ती काउंटरमागे वाकली आणि साउंडबारची वायर उपटली.

आवाज बंद झाला. म्हणजे रामकिसन खरा होता. जमना जरा ओशाळली आणि वायर तशीच हातात धरून उभी राहिली. पडद्यावर बाईचे ओठ हलत होते. दुकानात चिडीचूप.

दामू पडद्याकडे बघत मान डोलवतच होता. "वा!" तो मोठ्याने म्हणाला. "आता कसं साफ ऐकू येतं. हाच घे, जमने."

रामकिसनने नजर खाली घातली. अख्ख्या बाजाराचे कल्ले उघडून बघितले तिने, पण घरात "हो हो" म्हणत मान हलवणाऱ्या माणसाकडे एकदा नीट बघितलं नाही! रागही आला तिला, आणि रडूही. रोज ओट्याशी पाठमोरी उभी राहून ती त्याला दिवसभराचं सगळं सांगायची. ते कुणाला सांगत होती ती?

ती त्याच्या पुढ्यात जाऊन बसली. तिच्या हातातली वायर बघून दामूचा चेहरा उतरला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. "दोन सालं झाली," म्हणाला. "तांडेलाला सांगू नको. घरात बसून मरून जाईन मी."

जमनाने त्याचे दोन्ही हात धरले. एकेक शब्द तोडून, तोंड मोठं उघडून ती म्हणाली, "बोटीवर, तुमी, जायचं, नाय."

त्याला कळलं. लख्ख कळलं. आणि कळूनही, ऐकूच आलं नाही अशा चेहऱ्याने, तो रस्त्याकडे बघत राहिला.