भरतीच्या वेळी पक्षी जिथे टेकत

त्यांना सगळे फोटोवाले म्हणत. आठवडाभर स्टुडिओत लोकांच्या हनुवट्या वर-खाली करण्यात जाई. हिवाळ्यातल्या सुटीच्या पहाटे मात्र ते खाडीकाठच्या चिखलात पालथे पडलेले असत. त्यांची रीत साधी होती. भरतीच्या आधी एका उंचवट्याजवळ जाऊन पडायचे आणि हलायचे नाही. पाणी चढू लागले, की चिखलात चरणारे पक्षी आपोआप मागे सरत उंचवट्यावर येत आणि चोच पंखांत खुपसून डुलकी घेत. दूरदेशाहून उडत आलेल्या त्या जिवांना तेवढीच विश्रांती.

ही जागा त्यांनी कोणालाही दाखवली नव्हती. पण मेहुण्याची नोकरी गेली आणि तो तोंड पाडून घरी बसू लागला.

"न्या की माझ्या भावाला बरोबर," बायको म्हणाली. "तुमचे पक्षी काही झिजत नाहीत."

"दाजी, मेलो तरी कोणाला सांगणार नाही," मेहुण्याने शब्द दिला.

पुढच्या हिवाळ्यात फोटोवाले गुडघ्याच्या दुखण्यातून उठून खाडीवर गेले, तेव्हा बांधावर गाड्यांची रांग होती. मोठमोठ्या लेन्स रोखून माणसे उभी होती. मेहुणा ओरडला, "तयार?" आणि त्याने उंचवट्यावर ढेकूळ भिरकावले. सारा थवा उडाला, कॅमेरे कडकडले.

"अरे, काय करतोयस?"

"दाजी! या, पुढे या. तुमच्याकडून काही घेणार नाही. झोपलेला पक्षी कोण बघतं हो, उडायला पाहिजे!" मग त्याने लोकांना सांगितले, "हे आमचे गुरू. जागा यांनीच शोधली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नुकतेच टेकू लागलेले पक्षी पुन्हा उडाले आणि या वेळी परतले नाहीत.

घरी बायकोने हसत विचारले, "भेटला ना? तुम्हाला चकित करायचं म्हणून मलाही गप्प बसवलं होतं त्याने."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"अहो, मार्गी लागला तो. पक्ष्यांचं काय एवढं!"



महिनाभराने मेहुणा स्टुडिओत आला. "दाजी, पक्षी फिरकतच नाहीत हो. आता कुठे बसत असतील?"

भरतीचे पाणी ते वर्षानुवर्षे पाहत आले होते. दुसरी जागा त्यांना नक्की ठाऊक होती. लेन्स पुसता पुसता ते म्हणाले, "काय माहीत. मी जात नाही आता."

जात नाही, हे मात्र खरेच होते. गेले असते, तर कोणीतरी मागोमाग आले असते.