ठिपक्यांची रांग

पीएच.डी.साठी मी नांदेडला बसून पाण्याची रांग बनवत होतो. खरी नव्हे, कॉम्प्युटरवरची. मल्टी-एजंट सिम्युलेशन म्हणतात त्याला. पडद्यावर शे-दोनशे ठिपके सोडायचे, प्रत्येक ठिपका म्हणजे एक माणूस. त्याला वागण्याचे दोन-चार नियम द्यायचे आणि सगळे मिळून काय गोंधळ घालतात ते बघत बसायचं. त्यासाठी टूलकिट फुकट मिळतात. त्यांत माणसं तयार, रस्ते तयार, रांगसुद्धा तयार. माउसनं उचलायची आणि ठेवायची. आधी येईल त्याचा नंबर आधी, हा नियम तिच्यात घातलेलाच असतो. कुठल्या भल्या देशात ती लिहिली, कुणास ठाऊक.

रेणापूरकडच्या आमच्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो. तो दोन ठिकाणी थांबायचा. आधी वर मारुतीच्या पारापाशी, मग खाली आमच्या वस्तीत, विहाराजवळ. खालचा थांबा माझ्या आईनं आणि वस्तीतल्या बायांनी भांडून मिळवलेला. त्याआधी सगळ्यांनी पारापाशीच भरायचं. आमच्याकडं रांगेत बाई उभी राहत नाही, तिची घागर राहते. सकाळी घागर लावायची आणि कामाला जायचं. परत येऊन पाहावं तर वस्तीच्या घागरी शेवटाला सरकवलेल्या. कुणी सरकवल्या, हे कुणीच पाहिलेलं नसायचं. शाळा बुडवून घागरीची राखण करत मी बसलेलो आहे. मला हे कुणी शिकवायला नको होतं.

तरीही मी तयार रांगच उचलली. टूलकिटमध्ये आपले नियम लिहायला जागा असते, ती मी रिकामी ठेवली. माझ्या मार्गदर्शक सरांना मॉडेल स्वच्छ लागायचं. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. ज्या गोष्टीची जन्मभर लाज वाटली, ती विभागातल्या मोठ्या पडद्यावर कशाला लावायची? तिथं तरी सगळे सारखे ठिपके असू देत, असं वाटलं. एवढा शहाणा मी.

टँकरचं नियोजन पाहणाऱ्या एका साहेबांना सरांनी ते मॉडेल दाखवलं. ठिपके शिस्तीत आले, भरून गेले. थांबा एक ठेवा की दोन, पाणी सगळ्यांना मिळत होतं आणि वेळही जवळपास तेवढाच लागत होता. साहेब खूश झाले. "म्हणजे एका थांब्यात भागतंय की!" म्हणाले. सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी "हो सर" म्हणालो. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची आजही किळस येते.

पुढच्या उन्हाळ्यात खालचा थांबा बंद झाला. गावी गेलो तेव्हा आई पारापासून रिकामी घागर घेऊन येत होती.

"टँकर सरला," ती म्हणाली. "कुन्या हुशार मानसानं काम्पुटरवर बघितलंय म्हणं, एक थांबा लई झाला."

तो माणूस मीच, हे दिवसभर तोंडातून निघेना. शेवटी जेवताना सांगितलं. तिचा भाकरी मोडणारा हात थांबला.

"घागरी सरकवत्यात, ते घातलं न्हाईस त्यात?"

"नाही, माय."

"इसरलास व्हय?"

विसरलो नव्हतो.

नांदेडला परतल्यावर तो नियम लिहिला. जेमतेम चार ओळी. मॉडेल चालवलं, तर वस्तीचे ठिपके शेवटाला गेले आणि त्यांची पाळी येण्याआधी टँकर संपला. मी सरांना दाखवलं.

"पुरावा काय याला? कोणत्या कागदावर हाय, घागरी सरकवतात म्हणून?" सर म्हणाले. "प्रबंध तयार झाला, आता कशाला घाण करून राहिलास?"

कागद नव्हता. भांडता आलं असतं, भांडलो नाही. त्या ओळी पुसल्या आणि प्रबंध दिला.

पदवी मिळाली. वस्तीतला पहिला डॉक्टर म्हणून विहारासमोर माझा सत्कार झाला. आईनं कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं. हार घालताना शेजारची मावशी माझ्या कानाशी वाकली. "आता तू मोठा झालास, लेकरा. त्या साहेबाला सांगून आपला खालचा थांबा तेवढा चालू करून दे."

"हाव, मावशी," मी म्हणालो. समोर बसलेल्या आईनं मान खाली घातली.