हलगी पायरीवर, भाषणं आत

"वाजव की रे म्हाताऱ्या, पाहुणे आले."

हे माझ्या बापाला म्हटलं गेलं. सांगलीत, एका हॉलच्या पायरीवर, भर सकाळी. म्हणणारे आमचे सर. समतेवर तासभर बोलले तरी मध्ये पाण्याचा घोट न घेणारे सर. आबांचं थांबलेलं टिपरू पुन्हा हलगीवर पडायला लागलं. मी आत कॉम्प्युटरपाशी बसले होते. दार उघडं होतं. सगळं दिसत होतं.

आबा वाजवायला आलेच नव्हते. बोलायला आले होते.

तेव्हा मी सांगलीत एका सेंटरमध्ये मराठी टायपिंग करायचे. इंटरनेट हा शब्द गावात अजून नवाच आहे. फोनची लाइन जोडली की मशीन चिरकायचं आणि आम्ही हात जोडायचे बाकी ठेवून उभे राहायचो. सेंटर चालवणाऱ्या सरांनी वेबसाइट काढायची ठरवली. मोठमोठ्या माणसांचे विचार तिच्यावर टाकायचे, ते वाचून तरुण पोरं पेटून उठतील, चळवळ उभी राहील. ती सगळी भाषणं मी टाइप केली. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा यायचा. वाटायचं, आता आपलं काहीतरी होणार.

आपलं म्हणजे मसणवट्याचं. कुंडलच्या पलीकडं आमचं गाव. आमच्या मांगवाड्याचा मसणवटा ओढ्याकाठी, तुकडाभर. शेजारचा बागायतदार दर साली थोडं थोडं पुढं नांगरत आला आणि एक दिवस तिथं नुसता ऊस उभा राहिला. आम्ही अर्ज केले, कचेरीचे उंबरे झिजवले. उसाचं पान हललं नाही. आणि आई घरात पडून होती. मिरजेच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. तिला सगळं कळत होतं. ती एकच बोलायची, "माझ्या सासूला जाळली तितंच मला न्या. दुसऱ्याच्या बांधावर नगं."

हे मी सरांना सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. खरंच आले. म्हणाले, "बाबांना उद्घाटनाला घेऊन ये. त्यांचं म्हणणं आपण जगापुढं नेऊ."

आमच्या घरात गावची दवंडी. आज्यापासून. हलगी बडवायची, माणसं जमली की 'ऐका हो ऐका' म्हणायचं आणि पुढं दुसऱ्याचा हुकूम सांगायचा. पट्टी भरा. सभेला या. पोरांना लस टोचून घ्या. आपलं स्वतःचं काही त्या तोंडानं सांगायचं नाही, अशी रीत. म्हणून सरांचा निरोप ऐकून आबा आधी हलगीच पुसायला बसले. मी म्हटलं, "आबा, हलगी कशाला? तितं माईक असतोय."

"खुळी हाईस. हलगीबिगर मानूस थांबत न्हाई. आन् थांबल्याबिगर ऐकतंय कोण?"

पायरीवर त्यांनी कागद पेटवून हलगी शेकली. कातडं तापल्याशिवाय आवाज चढत नाही. वॉचमन खेकसला, तर राख स्वतःच्या पटक्यानं पुसली. सरांनी हलगी बघितली आणि त्यांना सुचलं, पाहुण्यांचं स्वागत हिनंच करू. आबांना वाटलं, हे बोलायच्या आधीचं वाजवणं. ते जीव लावून वाजवायला लागले.

शेवटची गाडी आली त्याच बागायतदाराची. वेबसाइटचा कॉम्प्युटर त्याच्या देणगीतला. मला ते ठाऊक नव्हतं. आबांनी त्याला उतरताना बघितलं आणि टिपरू थांबलं. तेव्हा सर म्हणाले, वाजव की रे. आमचा मसणवटा गिळणाऱ्याला माझ्या बापानं वाजवत आत घेतलं.

सगळे बसल्यावर आबा दारात आले. हलगी खाली घेतली. घसा साफ केला.

"ऐका हो ऐका—"

हॉल हसला. टाळ्याही पडल्या. कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाला. सर हसत म्हणाले, "झालं, झालं. यांना बाहेर नाश्ता द्या." कुणीतरी दार लोटून घेतलं. आबांचं तोंड उघडं होतं तसंच दाराआड गेलं.

मग भाषणं. वंचितांच्या वेदनेवर भाषणं. चहाच्या वेळी सर माझ्यापाशी आले. "तो हलगीचा फोटो पहिल्या पानावर घे. खाली लिही, वंचितांचा आवाज."

मी विचारलं, "सर, आबा बोलणार कधी?"

"अगं, त्यांचं कोण ऐकणार? ज्यांचं लोक ऐकतात, त्यांनीच त्यांच्यासाठी बोलायचं असतं. मसणवट्याचं पुढं बघू. आज ते देणगीदार बसलेत समोर, बरं दिसत नाही."

बरं दिसत नाही!

बोटं कीबोर्डवर होती. तीन वर्षं मी त्या सेंटरमध्ये जीभ तासून तासून शुद्ध 'नाही' म्हणायला शिकले होते. तोंडातून आलं ते घरचं आलं.

"न्हाई टाकत."

"काय?"

"न्हाई टाकत म्हनलं. माज्या बापाचा फोटो, त्याचं बोलनं न्हाई तर फोटोबी न्हाई."

मी उठले. नोकरी तिथंच राहिली. पायरीवर आबा बसले होते, पोह्यांची बशी बाजूला तशीच. एसटीत त्यांनी हलगी पटक्यात गुंडाळून सीटखाली सरकवली.

त्याच आठवड्यात आई गेली. आबा भिंतीला टेकून बसले. म्हणाले, "माज्यानं आता हलगी उचलत न्हाई, पोरी." आमच्यात बाईनं हलगीला हात लावायचा नाही. आईच्या आंघोळीचं पाणी चुलीवर चढलं होतं. त्याच जाळावर मी हलगी शेकली. वेशीत उभी राहून हाताला येईल तशी बडवली. ताल नव्हता. आवाज होता.

"ऐका हो ऐका! मांगवाड्याचा मसणवटा बागायतदारानं नांगरलाय. आज माजी आई गेली. तिला आमी तितंच न्हेनार हाय. आडवायचं आसंल त्यानं आडवं यावं."

बागायतदाराचं नावही घेतलं. मोठ्यानं, दोनदा. दारं धडाधड लागली. गावातून एक माणूस आला नाही. मांगवाड्यातली माणसं आली, पुढं कोयते, मागं तिरडी. ऊस तोडून जागा केली. आईला तिथंच अग्नी दिला.

तो फोटो शेवटी चढलाच. टाइप करायला दुसरी मुलगी मिळाली. परदेशातून लोकांनी कौतुक कळवलं म्हणे. फोटोत आबांचं तोंड उघडं आहे, आणि खाली सरांचा लेख.

ऊस तोडला म्हणून आमच्यावर केस झाली. पावसाळा सरला आणि आईच्या राखेवर पुन्हा उसाची लागण केली बागायतदारानं. ऊस आता कमरेएवढा आलाय. आबा खोकतात, उसाकडं बघतात आणि मान फिरवतात. मी कोयत्याला धार लावून ठेवली आहे. हलगी रोज शेकते. सर आले तर त्यांनी पायरीवर उभं राहावं. बोलणार मी.