पाच अंश

"ए, ते थर्मामीटर ठेव खाली. तू बीकर विसळ."

सर एवढंच म्हणले. आमच्या गटात एका पुढाऱ्याचा पोरगा होता. त्यानं माझ्या हातातून थर्मामीटर काढून घेतलं आणि मित्रांकडं बघितलं. "कोयत्याचे हात हायत बे हे. काचेला कशाला लावायचे?"

सगळे हसले. सरही हसले.

माझे आई-बाप वडवणीकडून ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो.

आज माझ्या नावापुढं बीएस्सी लागतं. घरातली पहिलीच. कुणाच्या मेहेरबानीनं नाही.

पण तेव्हा मी बीडच्या कॉलेजात प्रत्येक प्रॅक्टिकलला बेसिनपाशी उभी. आम्लात अल्कली ओतली की उष्णता निघते, हे मला विसळताना कळलं. दुसऱ्यांचा प्रयोग संपल्यावर. तळहाताला.

शेवटच्या परीक्षेत तोच प्रयोग आला. ती उष्णता मोजायची. आमच्याकडची रीत अशी, की सर उत्तर सांगणार आणि पोरं त्यावरून उलटं गणित करून रीडिंग लिहिणार. कुणी काही ओतत नाही.

मी ओतलं. थर्मोकोलच्या कपात आम्ल, वरून तेवढीच अल्कली. दोन्ही बत्तीस अंशांवर. ढवळलं. पारा सदतीसवर गेला. पाच अंश. माझ्या हातानं. गणित केलं, एकेचाळीस पॉइंट आठ किलोज्यूल आले. पुस्तकात सत्तावन्न. कपाला झाकण मिळालं नव्हतं, वर पंखा चालू. उष्णता उडून गेली. तेही कारण लिहिलं.

सरांनी सगळ्यावर लाल रेघ मारली. "अक्कल हाय का? ह्याचं बघून उतरव. पास करतो."

पुढाऱ्याच्या पोरानं पेपर सरकवला. "घे गं. न्हाई तर दिवाळीनंतर उसाच्या फडात हायसच."

खरं होतं ते. माझ्या बापानं, आबांनी, सांगून ठेवलं होतं, नापास झालीस तर लग्न. पोरगं बघितलेलं. त्याला कोयता पुरा करायला बायको पाहिजे होती.

मी पेन उचललं. दोन ओळी खरडल्या असत्या तर सुटले असते. पेन खाली ठेवलं.

"सर, ह्याचं थर्मामीटर कोरडंच हाय की."

आता कुणी हसलं नाही.

"माझे पाच अंशच आले. मी तेच ठेवणार."

"मग बस पुढल्या वर्षी," सर म्हणले.

नापास झाले. घरी आई भिंतीला टेकून रडली. रविवारी त्या बघितलेल्या पोराकडची माणसं आली. मला लुगडं नेसायला सांगितलं. मी आहे त्या ड्रेसवर बाहेर गेले. पळून जावं तर जागा नव्हती.

"मी येणार न्हाई. तुमचा कोयता अर्धा हाय तर अर्धाच न्या."

आबांनी हात उगारला. मी तोंड फिरवलं नाही.

"मारा आबा. परीक्षेला मी पुन्हा बसणार. आन् जे येईल तेच लिहिणार."