कप्प्याच्या मापाच्या टोपल्या

मिस्त्रींनी आयुष्यभर दुसऱ्यांची कपाटं केली. नव्या संसारांची केली, दुकानांची केली, एका वकिलाच्या जाडजूड पुस्तकांचं केलं आणि एका हौशी बाईंच्या नुसत्या चपलांचंसुद्धा केलं. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र धड कपाट कधी झालं नाही. बायको म्हणायची, "तुमच्या हातचं कपाट बघायचं तर मला लोकांच्या घरी जावं लागतं." मिस्त्री म्हणायचे, "करू गं, हे एवढं एक काम हातावेगळं होऊ दे." ते एक काम काही हातावेगळं झालं नाही, आणि बायको आधी गेली.

पुढे छातीने दगा दिला. डॉक्टरांनी सांगितलं की लाकडाचा भुसा आता नाकाजवळसुद्धा नको. मिस्त्रींनी वर्कशॉप आवरलं, रंधे-करवती हाताखालच्या कारागिराला देऊन टाकल्या आणि ते मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. हत्यारांपैकी जवळ ठेवला तो फक्त काटकोन तपासायचा गुण्या. तो का ठेवला, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

फ्लॅट लहानच होता. एक खोली मुला-सुनेची, एक नातीची, आणि मिस्त्रींना हॉलमधला दिवाण. त्याशिवाय हॉलच्या भिंतीतल्या कपाटाचा एक कप्पा सुनेने त्यांच्यासाठी रिकामा करून दिला होता, तोही वाकावं लागणार नाही आणि चवड्यांवर उभं राहावं लागणार नाही असा, बरोबर हाताच्या उंचीचा. यात सुनेचा चांगुलपणा होता हे मिस्त्रींना कळत होतं. बोलून दाखवायची मात्र त्यांना सवय नव्हती. ते बोलले ते कपाटाविषयी. कपाट दुकानातून आणलेलं, दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचं. "जो भुसा मी जन्मभर झाडून बाहेर टाकला, त्याचीच कपाटं करून विकतात लेकाचे," असं ते आल्या दिवशीच म्हणाले. मुलाला ते कपाट घेताना बरीच घासाघीस करावी लागली होती, त्यामुळे त्याला ते लागलं.

काही दिवस कप्पा मिस्त्रींचाच राहिला. मग एक दिवस तिथे विजेच्या बिलांची फाइल आली. तिच्या मागोमाग नातीची बॅडमिंटनची रॅकेट आली, नंतर इस्त्री. वाईट बुद्धीने कुणी काही करत नव्हतं. लहान घरात रिकामी जागा दिसली की हात आपोआप तिकडे जातो. पण एका सकाळी मिस्त्रींना चष्म्याचं घर सापडेना, आणि शेवटी ते मिक्सरच्या खोक्यामागे सापडलं.

दिवाणावरचं त्यांचं अंथरूण सकाळी गुंडाळलं की दिवाण सगळ्यांचा व्हायचा. खुर्ची ज्याला हवी त्याची. आतून कडी लावावी अशी खोली नव्हती. अंगावरचे कपडे सोडले तर या घरात त्यांचं म्हणून जे काय होतं ते त्या कप्प्यात होतं. तोही गेला तर आपण इथे पाहुणेच, असं त्यांच्या मनाने घेतलं. भांडायचं म्हटलं तर पोटच्या पोराशी कप्प्यावरून भांडण, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तेव्हा मिस्त्रींनी त्यांच्या धंद्याला शोभेल असा उपाय काढला. कप्पा या कडेपासून त्या कडेपर्यंत असा भरायचा की काडेपेटी सरकवायला जागा उरता कामा नये. फाइलीला आणि रॅकेटला मग आपोआप दुसरं घर शोधावं लागेल.

लाकडी पेट्या ठेवल्या असत्या तर भुशाची फळी मुकाट्याने खाली आली असती. पुठ्ठ्याची खोकी मिस्त्रींना बघवत नसत. राहता राहिलं कापड.

कापडी टोपल्यांचा त्या घरात सुळसुळाट होता. सून ऑफिसात नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी शिलाई मशीनवर बसायची. कुणाची विटलेली जीन्स, कुठला जुना पडदा, जे सापडेल त्याची ती टोपली करी. एकीत कांदे, एकीत मोजे, एकीत मोबाइलचे चार्जर. मिस्त्री आजवर त्यांना हसत आले होते. आता त्याच मिस्त्रींनी एका रविवारी चहाचा कप खाली ठेवला आणि घसा साफ केला.

"सूनबाई, ते टोपल्यांचं मला शिकव."

"तुम्हाला हवीये का बाबा? मी देते ना शिवून."

"नको. माझी मला करायचीये."

मुलाने पेपरमधून डोकं वर काढलं. "बाबा, तुम्ही आणि शिवणकाम?" तो म्हणाला. मिस्त्रींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा पेपरात गेला.

सून शिकवायला चांगली होती. बाहेरचं कापड जाड घ्यायचं, आतलं अस्तर पातळ चालतं. दोघांच्या मध्ये बकरमचं कडक कापड, म्हणजे टोपली ताठ उभी राहते, बसकण मारत नाही. बाहेरचं कापड दुमडून एका बाजूने आणि खालून शिवायचं, की साधी पिशवी झाली; तिच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून चौकोन कापून काढायचे, आणि ते कोपरे पसरून आडवे शिवले की बूड तयार. अस्तराची पिशवी तशीच, फक्त तिच्या एका शिवणीत हात जाईल एवढी फट सोडायची, कारण दोन्ही पिशव्या काठाशी जोडल्या की सगळं त्या फटीतून उलटून बाहेर काढायचं असतं. फट शेवटी हाताने शिवून टाकायची.

"आणि सगळीकडून बोटभर कापड जास्त ठेवा बाबा, शिवणीत जातं," ती म्हणाली.

मिस्त्रींनी मान हलवली. ती मान सुनेचा मान राखायला हलवली होती, पटलं म्हणून नव्हे. लाकडात ते रंध्यासाठी केसभर सोडत. बोटभर सोडायचं ते नवशिक्याने, ज्याचा स्वतःच्या मापावर भरवसा नाही त्याने. त्यांनी टेपने कप्पा मापला, चार टोपल्यांचा हिशोब केला, कानामागची पेन्सिल काढली, जुन्या पडद्यावर गुण्या ठेवला आणि रेघेवर रेघ अशी नेमकी कापणी केली. कापड इतकं काटेकोर कापलेलं सुनेने कधी पाहिलं नव्हतं, आणि ते तिने सांगितलंही.

मशीनने मात्र भीडभाड ठेवली नाही. पायाखालचं पेडल दाबलं की ते सुसाट सुटायचं आणि मिस्त्री कापड धरून त्याच्या मागे. दोरा तुटला, बॉबिन अडकलं, एका अस्तराला फट ठेवायचीच राहिली आणि अख्खी शिवण उसवावी लागली. खाली बाकावर बसणाऱ्या निवृत्त पोस्टमनला बातमी लागली होतीच. "काय मिस्त्री, आता झबली-टोपडी कधी घेता शिवायला?" तो विचारायचा. मिस्त्री म्हणायचे, "तुझ्या तोंडाला एक पिशवी शिवतो आधी."

अखेर चार टोपल्या उभ्या राहिल्या. मिस्त्रींनी त्या कप्प्यात ओळीने मांडल्या, आणि बघतात तो शेवटच्या टोपलीपुढे चांगला पंजा आत जाईल एवढी जागा मोकळी. प्रत्येक टोपलीचं दोन्हीकडचं कापड शिवणीने खाल्लं होतं. ते कपाटासमोर उभे राहिले, पुन्हा टेप लावला, जणू कप्पाच रात्रीतून वाढला होता. संध्याकाळपर्यंत त्या मोकळ्या जागेत रॅकेट येऊन उभी राहिली होती.

सुनेनेही ते पाहिलं.

"कापड आखडलं," मिस्त्री म्हणाले.

"हो, आखडतं कधी कधी," सून म्हणाली, आणि तिने माळ्यावरचा दुसरा पडदा काढून दिला.

दुसऱ्या खेपेला त्यांनी बोटभर सोडलं. सोडताना जिवावर आलं, पण सोडलं. मशीनशीही आता त्यांचं जमलं होतं. टाच खाली टेकवून नुसता अंगठा दाबायचा, ही युक्ती त्यांची त्यांनी शोधली. या वेळच्या टोपल्या कप्प्यात अशा बसल्या की शेवटची आत ढकलताना हवा बाहेर पडल्याचा आवाज आला. प्रत्येक टोपलीची बाजूची शिवण त्यांनी मागे भिंतीकडे वळवून ठेवली, कारण माल ठेवायचा तो चांगली बाजू दर्शनी ठेवूनच. नात म्हणाली, "आजोबा, एकदम दुकानातल्यासारख्या!" दुकानाशी तुलना त्यांना खपली नाही, तरी ते खूश झाले. फाइल, इस्त्री, मिक्सरचं खोकं आणि रॅकेट त्यांनी स्वतःच्या हाताने, अगदी अदबीने, पॅसेजमधल्या स्टुलावर नेऊन ठेवली. सुनेने त्यांची कुठे कुठे सोय लावली.

मग घरात कुणी नसताना मिस्त्री टोपल्या भरायला बसले. पहिलीत औषधं, चष्मा, दाढीचं सामान, छोटा रेडिओ. दुसरीत बँकेचं पासबुक आणि दवाखान्याचे कागद, बायकोचा फोटो, एक स्वेटर, आणि वर गुण्या. तिसरी टोपली त्यांनी पुढे ओढली आणि तिच्यात ठेवायला काही शोधू लागले. काही नव्हतं. कपडे दिवाणाखालच्या ड्रॉवरमध्ये होते, तेही मोजकेच. वर्कशॉप आवरताना आणि जुनं घर सोडताना त्यांनी एवढं वाटून टाकलं होतं, की उरलेलं सगळं त्या दोन टोपल्यांत मावलं, आणि दुसरी तर काठापर्यंतही आली नाही. लोकांच्या सामानाची मापं घेण्यात जन्म गेलेल्या माणसाने आपल्या सामानाचं माप कधी घेतलं नव्हतं. मिस्त्रींना फार वाईट वाटलं.

फोटो तिसरीत, स्वेटर चौथीत, अशी पांगापांगही त्यांनी करून पाहिली. ती त्यांनाच हास्यास्पद वाटली. शेवटी कापणीत उरलेल्या पडद्याच्या चिंध्या आणि जुने पेपर त्यांनी तिसऱ्या-चौथ्या टोपलीत कोंबले, वरून एकेका रुमालाची घडी पसरली आणि टोपल्या जागेवर सरकवल्या. बाहेरून चारही सारख्याच दिसत होत्या. विकायला माल नसलेला दुकानदार रिकामे डबे मांडून बसतो, तसं त्यांना वाटलं. पण कप्पा भरलेला होता आणि रॅकेट बाहेर होती.

असे बरेच दिवस सुरळीत गेले. मग एका सुट्टीला ते बाकावरून वर आले, तर सुनेने सगळं कपाट उपसून फळ्या पुसल्या होत्या. टोपल्या परत जागेवर होत्या, अगदी ओळीत. फक्त तिसऱ्या आणि चौथ्या टोपलीची शिवण पुढे आली होती.

म्हणजे या दोन तिने हातात घेऊन फिरवून बघितल्या होत्या. ज्याने उचलली त्याला वजन कळणारच. मिस्त्रींनी हळूच तिसरीतला रुमाल उचलून बघितला. चोळामोळा करून कोंबलेले पेपर आता घडी घालून ठेवलेले होते, आणि चिंध्यांची एक व्यवस्थित गुंडाळी झाली होती.

त्या दिवसापासून ते वाट बघू लागले. आज ना उद्या मुलगा येऊन शेजारी बसेल, इकडचं तिकडचं बोलेल आणि मग म्हणेल, बाबा, त्यातल्या दोन रिकाम्याच आहेत म्हणे. त्यावर काय बोलायचं हे त्यांनी मनात अनेकदा जुळवलं आणि अनेकदा मोडलं. जेवणात लक्ष लागेना. स्वयंपाकघरात नवरा-बायको हळू बोलू लागले की त्यांचे कान तिकडे. मुलगा एकदा शेजारी येऊन बसलाही, पण त्याने पंख्याचा आवाज येतोय का एवढंच विचारलं.

मग नातीने चित्रकलेचा क्लास लावला. पहिल्याच दिवशी ती रंगांच्या बाटल्या, ब्रशांचा जुडगा आणि कागदांच्या वह्या असा पसारा कवेत घेऊन आली आणि हॉलच्या मध्यभागी उभी राहिली. मिस्त्री दिवाणावर पेपर वाचत होते.

"आई, हे कुठे ठेवू? माझ्या खोलीत नाहीये गं जागा."

"बघ कुठेतरी."

"आजोबांच्या कप्प्यात ठेवू? त्या शेवटच्या दोन..."

मिस्त्रींनी पेपर वर तोंडासमोर धरला.

"तिथे जागा नाही," सून स्वयंपाकघरातून म्हणाली.

"अगं पण आई, त्या बास्केट हलक्या..."

"जागा नाही म्हटलं ना. तो कप्पा भरलाय. आजोबांचं सामान आहे त्यात. तू तुझ्या पलंगाखाली बघ."

पोरगी कुरकुरत आत गेली. स्वयंपाकघरात नळ सुरू झाला. मिस्त्रींनी पेपर तोंडासमोरून काढला नाही, कारण डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसलेलं त्यांना चाललं नसतं. कित्येक वर्षांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं. बायको गेल्यापासून तर नाहीच.

थोड्या वेळाने ते उठले. चौथी टोपली त्यांनी बाहेर ओढली, तिच्यातल्या चिंध्या आणि पेपर दिवाणावर उलटे केले आणि नातीला हाक मारली.

"आण तुझे ते रंग. मावतात का बघ हिच्यात."

नात दारात आली. तिने एकदा चिंध्यांकडे बघितलं, एकदा स्वयंपाकघराकडे.

"पण आई म्हणाली की जागा नाही."

"कप्पा कुणाचा आहे?"

"तुमचा."

"मग मी देतोय. एकच मिळेल, हं. तिसरीकडे बघायचं नाही, तिच्यात माझं सामान आहे."

सून हात पुसत दारापर्यंत आली होती. दिवाणावरच्या चिंध्या तिने गोळा केल्या, आणि मिस्त्रींनी रंगांची टोपली कप्प्यात सरकवून तिची शिवण मागे वळवेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.